मिठापासून मिठापर्यंत : सोडियमची संयुगे आणि सुरतेतली दोन मते

सोडियम हा धातू निसर्गात मोकळा सापडत नाही. पाण्याचा स्पर्श होताच तो हायड्रोजन सोडतो आणि मागे कॉस्टिकचे द्रावण उरते. म्हणून प्रयोगशाळेत तो रॉकेलात बुडवून ठेवतात. 1807 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो पहिल्यांदा वेगळा केला. रोजच्या व्यवहारात मात्र सोडियम भेटतो तो संयुगांच्या रूपात : मीठ, कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, हायड्रो, सोडियम सल्फेट, सोडियम सिलिकेट, हायपोक्लोराइट. यांपैकी बहुतेकांचा मूळ माल एकच, तो म्हणजे मीठ.

सुरतेत ही सगळी नावे कापडाच्या धंद्यातली रोजची आहेत. पांडेसरा, सचिन, कडोदरा, पलसाणा या भागांतल्या प्रोसेस हाउसांत पॉलिस्टरच्या साड्या आणि ड्रेस मटेरियल रंगते, छापले जाते, धुतले जाते. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोलीत मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांतले बरेच जण याच मिलांत राबतात. पुढच्या संवादातल्या दोन बाजू तिथल्याच आहेत. रंगाईमास्तरांचे लक्ष कापडावर आहे आणि सांडपाणी केंद्राच्या केमिस्टचे लक्ष कापड धुऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. मास्तरांच्या मते स्वस्त सोडा हा या शहराच्या पोटापाण्याचा आधार आहे. केमिस्टच्या मते ही स्वस्ताई अर्ध्याच हिशेबावर उभी आहे.

मीठ

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतले सुमारे 27 ग्रॅम सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ. मिठागरात भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन ऊन-वाऱ्यावर टप्प्याटप्प्याने आटवतात. सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचा कार्बोनेट बसतो, मग जिप्सम, आणि पाण्याची घनता बोमे मापाने 25 अंशांच्या आसपास गेली की मिठाचे खडे धरू लागतात. 29-30 अंशांच्या सुमारास उरलेले कडवट पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात आणि ते ओलसर, कडू होते. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकते.

6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला ती दांडी आणि त्याच वर्षी 21 मे रोजी सत्याग्रहींनी लाठ्या झेलल्या ते धरासणा, ही दोन्ही ठिकाणे त्या वेळी सुरत जिल्ह्यात होती. त्याच महिन्यात कोकणात शिरोड्याच्या मिठागरावरही सत्याग्रह झाला.

मास्तर : मीठ स्वस्त राहावे म्हणून लोकांनी मार खाल्ला. मीठ स्वस्त म्हणून सोडा स्वस्त, सोडा स्वस्त म्हणून साडी स्वस्त. या साखळीवर लाखो घरे चालतात, भाऊ.

केमिस्ट : साखळी खरी आहे, मास्तर. पण साडीपाशी ती संपत नाही. साडी बाजारात जाते, सोडियम गटारात जातो. तिथपर्यंत मोजू या.

कॉस्टिक सोडा

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो मिठाच्या द्रावणातून वीज सोडून बनवतात. आधी द्रावणात थोडा सोडा अ‍ॅश आणि थोडे कॉस्टिक घालून त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली बसवतात, कारण त्यांचे अंशही पुढच्या पडद्याची छिद्रे बुजवतात. मग हे द्रावण विद्युतघटात जाते. घटाच्या मधोमध असलेला पॉलिमरचा पडदा सोडियमच्या आयनांना पलीकडे जाऊ देतो, क्लोराइडला अडवतो. धन बाजूला क्लोरीन वायू निघतो, ऋण बाजूला हायड्रोजन, आणि त्याच बाजूला सुमारे 32 टक्क्यांची कॉस्टिक लाय तयार होते. ती आटवून 48 ते 50 टक्क्यांची करतात, किंवा पाणी पूर्ण काढून फ्लेक्स पाडतात. पूर्वी यासाठी पाऱ्याचे घट वापरत. पारा पाण्यात आणि मासळीत उतरतो हे कळल्यावर पडद्याचे घट आले. सुरतेला जवळचे मोठे कारखाने भरूच जिल्ह्यात आहेत. वडोदऱ्यात 1973 मध्ये स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीज अँड केमिकल्स या कंपनीचा एक कारखाना दहेजला आहे.

या प्रक्रियेची मापे ठरलेली आहेत. 58.5 किलो मिठापासून 40 किलो कॉस्टिक, 35.5 किलो क्लोरीन आणि 1 किलो हायड्रोजन मिळतो. कॉस्टिक हवे असेल तर क्लोरीन घ्यावाच लागतो. पीव्हीसी, औषधे, कीटकनाशके, पाणी शुद्ध करणे यांत क्लोरीन खपला नाही तर कॉस्टिकचे उत्पादनही अडते.

सुरतेत कॉस्टिकचा एक खास वापर आहे, तो म्हणजे वेट रिडक्शन. पॉलिस्टरचे जॉर्जेट किंवा क्रेप मागावरून उतरते तेव्हा ताठ आणि जड असते. फिरत्या ड्रममध्ये ते गरम कॉस्टिकच्या द्रावणात घोळवले की धाग्याचा बाहेरचा थर विरघळतो, धागा बारीक होतो आणि कापडाला रेशमासारखी पडण आणि मऊपणा येतो. पॉलिस्टरचे रेणू तुटून सोडियम टेरेफ्थॅलेट आणि ग्लायकॉल बनतात आणि पाण्यात जातात.

मास्तर : ही पडण कॉस्टिकशिवाय येत नाही. गिऱ्हाईक कापड आधी मुठीत दाबून पाहते आणि मगच भाव विचारते. राहिला पाण्याचा प्रश्न, तर अ‍ॅसिड टाकले की सातवर पीएच येतो. कॉस्टिक संपले.

केमिस्ट : कॉस्टिकपणा संपला, सोडियम कुठे संपला? एक टन कापड घ्या आणि वीस टक्के वजन उतरवा. म्हणजे 200 किलो पॉलिस्टर विरघळले. पॉलिस्टरच्या दर 192 भागांना 80 भाग कॉस्टिक खर्च होते, त्या मापाने 83 किलो. बाथमध्ये शिल्लक राहते ते वेगळे. एवढे 83 किलो कॉस्टिक बनवायला कारखान्यात मीठ किती लागले होते?

मास्तर : तुमच्या त्याच मापाने... 122 किलोच्या आसपास.

केमिस्ट : आता ते पाणी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने पुरते आम्लधर्मी करा. सोडियमचे पुन्हा मीठच होते आणि त्याचे वजन भरते 122 किलो. जेवढे मीठ कारखान्यात गेले तेवढेच आपल्या नाल्यात आले. सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरले तर 148 किलो सोडियम सल्फेट.

मास्तर : आणि ते पाण्यात विरघळलेले असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

केमिस्ट : मीटरला दिसते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 2,100 मिलिग्रॅम आहे. 122 किलो मीठ त्या मर्यादेत बसवायचे तर 58 हजार लिटर पाणी लागते, तेही आधी अजिबात क्षार नसलेले. हा हिशेब एका टन कापडाचा झाला.

धुण्याचा सोडा

सोडियम कार्बोनेटला बाजारात सोडा अ‍ॅश म्हणतात. त्यात स्फटिकजल असले की धुण्याचा सोडा. काच, साबण-पावडर, सोडियम सिलिकेट, सुती आणि व्हिस्कोस कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग पक्का करणे, ही त्याची मुख्य कामे. पूर्वी तो खारवट जमिनीतल्या झुडपांची राख धुऊन काढत. सज्जीखार तो हाच. काही ठिकाणी तो थेट निसर्गात मिळतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी तीव्र क्षारधर्मी आहे आणि काठावर जमणारा खार पूर्वी काढून विकला जाई. अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर भागात ट्रोना या खनिजाचे प्रचंड साठे आहेत. तिथे खनिज खणून, तापवून, विरघळवून शुद्ध केले की काम होते.

मिठापासून सोडा बनवण्याची पहिली यशस्वी पद्धत फ्रान्समध्ये निकोला लब्लांक यांनी 1791 मध्ये पेटंट केली. मिठावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून सोडियम सल्फेट करायचे आणि ते कोळसा व चुनखडीबरोबर भाजायचे. पहिल्या पायरीत निघणारा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा धूर इंग्लंडमधल्या कारखान्यांभोवतीची झाडे जाळत असे. 1863 मध्ये तिथे अल्कली कायदा आला आणि 95 टक्के धूर पाण्यात शोषून घेणे सक्तीचे झाले. पुढे त्याच अ‍ॅसिडपासून क्लोरीन आणि ब्लीचिंग पावडर बनू लागली.

बेल्जियमचे अर्नेस्ट सॉल्वे यांनी 1860 च्या दशकात दुसरी पद्धत रुळवली आणि तिने लब्लांकला मागे टाकले. मिठाच्या संपृक्त द्रावणात अमोनिया विरघळवतात आणि उंच मनोऱ्यात खालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. सोडियम बायकार्बोनेट थंड द्रावणात कमी विरघळतो, म्हणून तो साक्याच्या रूपात वेगळा होतो. गाळून तापवला की सोडा अ‍ॅश मिळतो. चुनखडी भाजून कार्बन डायऑक्साइड मिळवतात आणि उरलेल्या चुन्याने अमोनिया सोडवून घेतात, म्हणजे अमोनिया फिरत राहतो. शेवटी खर्च होते ते मीठ आणि चुनखडी. हाती येतो सोडा आणि उरतो कॅल्शियम क्लोराइड. 106 किलो सोड्यामागे 111 किलो. शिवाय मनोऱ्यात सगळे मीठ वापरले जात नाही, तेही त्याच पाण्यातून बाहेर पडते.

भारतात हा उद्योग सौराष्ट्रात एकवटला आहे, कारण मीठ, चुनखडी आणि समुद्र तिथे एकाच ठिकाणी मिळतात. ओखामंडळात कपिलराम वकील यांनी मिठागरे उभारली आणि त्यांतून 1939 मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली. सुत्रापाडा, पोरबंदर, भावनगर इथेही सोड्याचे कारखाने आले.

मास्तर : लब्लांकचा धूर जाऊन सॉल्वे आला. पद्धत सुधारली की घाण कमी होते. कामगाराच्या पगारावर कात्री न चालवता सुधारणा होऊ शकते, हे यातून दिसते.

केमिस्ट : दिसते. पण कायदा आधी आला, मग धुराला किंमत आली. आपल्याकडेही तोच क्रम लागेल. आणि सॉल्वेच्या पद्धतीतही उरलेले पाणी आहेच. ते समुद्रकाठी आहे म्हणून शहराला दिसत नाही, एवढेच.

खायचा सोडा

सॉल्वेच्या मनोऱ्यात निघणारा बायकार्बोनेट अमोनियाच्या वासाचा असतो, तो खाण्याला चालत नाही. म्हणून शुद्ध सोडा अ‍ॅशचे द्रावण करून त्यात पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात. 106 किलो सोडा, 18 किलो पाणी आणि 44 किलो वायू मिळून 168 किलो खायचा सोडा होतो. तापवला किंवा त्यावर लिंबू पिळले की वायू परत सुटतो. सुरती खमण फुलते ते या वायूने. पापडखारातही हेच क्षार असतात, पण त्यात कार्बोनेट अधिक आणि अशुद्धीही अधिक. छपाईच्या खात्यात रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या पेस्टमध्ये सोडियम बायकार्बोनेट घालतात. पेस्ट थंड असेपर्यंत तो सौम्य राहतो आणि वाफेत गेल्यावर कार्बोनेट होऊन रंग धाग्याला बांधतो. पेस्ट घट्ट करायला लागणारे सोडियम अल्जिनेट समुद्री शेवाळापासून मिळते.

मास्तर आणि केमिस्ट यांच्यात या संयुगाबद्दल वाद नाही. त्याचे प्रमाण कमी आहे आणि तो हाताळायला सुरक्षित आहे.

हायड्रो, सल्फेट आणि इतर

रंगाईखात्यात ‘हायड्रो’ म्हणतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट. पॉलिस्टरवर गडद रंग चढवल्यावर धाग्याच्या पृष्ठभागावर सुटा रंग चिकटून राहतो. तो राहिला तर साडी घासली की रंग उतरतो. लिटरला साधारण दोन-दोन ग्रॅम कॉस्टिक आणि हायड्रो घेऊन 70 ते 80 अंश तापमानात कापड धुतले की हा सुटा रंग रंगहीन होऊन निघून जातो. हायड्रो बनवण्याच्या एका पद्धतीत जस्ताची भुकटी आणि सल्फर डायऑक्साइड वापरतात. दुसऱ्या, सोडियम फॉर्मेटच्या पद्धतीत मिथेनॉलमध्ये फॉर्मेट, कॉस्टिक आणि सल्फर डायऑक्साइड एकत्र आणतात. हायड्रोच्या ड्रममध्ये थोडे पाणी शिरले तर तो आपोआप तापतो आणि पेट घेतो. म्हणून झाकण घट्ट लावणे आणि कोरडा चमचा वापरणे ही खात्यातली पहिली शिस्त.

सोडियम सल्फेट बराचसा उपउत्पादन म्हणून येतो. व्हिस्कोसचा धागा कॉस्टिकच्या द्रावणातून अ‍ॅसिडच्या बाथमध्ये सोडला की कॉस्टिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड मिळून सल्फेट तयार होतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत तो रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतो. वाळू आणि सोडा अ‍ॅश हजार अंशांच्या वर वितळवून सोडियम सिलिकेट करतात. ते साबणात आणि ब्लीचिंगमध्ये लागते. थंड, पातळ कॉस्टिकमध्ये क्लोरीन सोडला की सोडियम हायपोक्लोराइट होतो; पाणी निर्जंतुक करायला तो लागतो. नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सोड्याच्या द्रावणात शोषून सोडियम नायट्राइट मिळवतात आणि त्याच्याशिवाय अ‍ॅझो रंग बनत नाहीत.

कॉस्टिकच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू शोषला की सोडियम हायड्रोसल्फाइड मिळतो. नाव हायड्रोच्या जवळचे असले तरी हा पदार्थ वेगळा आणि फार धोक्याचा आहे. त्याला अ‍ॅसिड भेटले की अडकलेला विषारी वायू पुन्हा मोकळा होतो. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधला असा रासायनिक द्रव नाल्यात सोडला जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचा मृत्यू झाला.

मास्तर : त्या दिवशी मेले ते कामगार होते. याबाबत माझे दुसरे मत नाही. कुठल्या पिंपात काय आहे हे ठळक अक्षरात लिहिलेले असले पाहिजे आणि नाल्यात काहीही ओतणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे.

केमिस्ट : आणि ते हिंदी, मराठी, ओडिया, जी भाषा कामगाराला वाचता येते तिच्यात लिहिलेले असले पाहिजे.

उरलेले सोडियम

अनेक अशुद्धी सांडपाणी केंद्रात निघतात. रंग चुना-तुरटीने गोळा होऊन गाळात बसतो, सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात. सोडियम यांपैकी कशालाच दाद देत नाही, कारण त्याचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात सहज विरघळतात. त्याला पाण्यातून काढायचे तर रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यातून पाणी दाबावे लागते आणि उरलेले खारट पाणी वाफेवर आटवावे लागते. दोन्हींना वीज किंवा कोळसा लागतो, आणि शेवटी हाती येणारे मिश्र मीठ विकत घ्यायला कोणी तयार नसते.

मास्तर : समुद्र पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. तो खारटच आहे. पाइपलाइन टाका आणि मीठ समुद्रात सोडा. त्यासाठी मिलने कोळसा का जाळावा?

केमिस्ट : निव्वळ मीठ असते तर तुमचे म्हणणे मान्य. पण मिठाबरोबर रंगाचे, टेरेफ्थॅलेटचे अवशेषही जातात, ते आधी काढावेच लागतात. शिवाय सगळे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते कुठे? खाड्यांमधून ते आसपासच्या शेतजमिनीतही उतरते. काळ्या मातीत सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, माती पाणी मुरवत नाही, उसाची मुळे गुदमरतात. तापीत भरतीचे खारे पाणी चढू नये म्हणून शहराने सिंगणपूरला बंधारा बांधला. समुद्राचे मीठ अडवायला एवढा खर्च करायचा आणि आपले मीठ मोकळे सोडायचे, हे जुळत नाही.

मास्तर : मग मीठ अडवण्याचा खर्च उचलायचा कोणी? जॉब वर्कचा दर मीटरमागे काही रुपयांचा. व्यापारी पै वाढवून देत नाही. छोटी मिल बंद पडली तर शिरपूर-अमळनेरचा माणूस घरी परत जाईल.

या प्रश्नाला रसायनशास्त्रात उत्तर नाही. तो बाजाराचा आणि धोरणाचा प्रश्न आहे. तमिळनाडूतल्या तिरुपूरने त्याचा अनुभव घेतला. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगाई केंद्रे बंद झाली आणि पुढे सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर सुरू झाली. तिथे सुती कापडाची रंगाई असल्यामुळे परत मिळवलेले सल्फेट आणि खारे पाणी पुन्हा रंगाईतच वापरता आले. सुरतेतले पॉलिस्टरचे खाते तेवढे मीठ परत घेऊ शकत नाही. म्हणून इथे काढण्यापेक्षा कमी घालणे अधिक मोलाचे ठरते.

कमी घालण्याचे मार्ग साधे आहेत. वेट रिडक्शनचा बाथ प्रत्येक लॉटनंतर ओतून देण्याऐवजी त्यातले शिल्लक कॉस्टिक मोजून तेवढीच भर घालता येते. बाथमधले 10 मिलिलिटर पाणी पिपेटने घ्यायचे, फिनॉफ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि गुलाबी रंग जाईपर्यंत एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडायचे. एक मिलिलिटर अ‍ॅसिड म्हणजे लिटरला 4 ग्रॅम कॉस्टिक. अ‍ॅसिड 5 मिलिलिटर लागले तर बाथमध्ये लिटरला सुमारे 20 ग्रॅम शिल्लक आहे. बाथ 30 ग्रॅमचा हवा असेल तर लिटरला 10 ग्रॅमच घालायचे. वेट रिडक्शनचे पाणी इतर पाण्यात न मिसळता वेगळे ठेवले, तर अ‍ॅसिड घातल्यावर टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड पांढऱ्या साक्याच्या रूपात गाळून काढता येते आणि पुढच्या केंद्रावरचा सेंद्रिय भार उतरतो. सुरत महापालिकेने 2014 मध्ये बमरोलीला मैलापाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून पांडेसऱ्याच्या उद्योगांना देणारा दररोज 40 दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू केला. तिथले पाणी ऑस्मोसिसच्या पडद्यातून आलेले असल्याने त्यात क्षार कमी असतात, त्यामुळे मिलच्या पाण्यातला एकूण क्षारही तेवढा खाली राहतो.

मास्तर : टायट्रेशन आम्ही करू. त्यात माझे कॉस्टिकही वाचते, म्हणजे मालकही ऐकेल. पण पडद्याचा आणि बॉयलरचा खर्च एकट्या मिलवर टाकू नका.

केमिस्ट : मान्य. तो सामायिक केंद्रावर आणि साडीच्या भावावर वाटला गेला पाहिजे. माझी मागणी एकच आहे. खरेदीच्या वहीत कॉस्टिक, सोडा आणि हायड्रो किती आले आणि मीटरवर क्षार किती गेले, हे दोन आकडे एकाच पानावर लिहा.

त्या पानाचा आधार पक्का आहे. रासायनिक क्रियेत सोडियम निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. तो फक्त साथीदार बदलतो. क्लोराइड सोडून हायड्रॉक्साइडला, कार्बोनेटला, सल्फाइटला धरतो आणि काम झाल्यावर पुन्हा क्लोराइड किंवा सल्फेटपाशी येतो. कापडात त्याचा जवळजवळ काहीच अंश राहत नाही. म्हणून मिलमध्ये आलेला सोडियम आणि मिलबाहेर गेलेला सोडियम यांचे आकडे जुळलेच पाहिजेत, आणि पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी दुसरा आकडा कमी करायचा एकच खात्रीचा मार्ग उरतो : पहिला कमी करणे.